विश्लेषण : एकाच वायनरीचे सहा ग्लास, मग प्रत्येकाची चव वेगळी कशी?

नाशिकची ट्रिप ठरली की गंगापूर धरणाच्या बाजूला एक फेरी हमखास होते. द्राक्षबागांकडे तोंड करून फोटो निघतात, मग टेस्टिंग रूममध्ये ओळीने पाच-सहा ग्लास येतात. प्रत्येकात जेमतेम दोन-तीन घोट. पहिला आंबट, तिसरा थोडा गोड, पाचवा घसा धरणारा. ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ यापलीकडे बहुतेकांना काही सुचत नाही आणि शेवटी जी सर्वात गोड, तिचीच बाटली घेऊन गाडी निघते.

खरं तर एकाच वायनरीच्या वाइन ओळीने चाखणं हा सोपा प्रयोग आहे. हवामान तेच, माणसं आणि यंत्रंही तीच. म्हणजे चवीत जो फरक जाणवतो, तो मुख्यतः द्राक्षाची जात, काढणीची वेळ आणि वायनरीत घेतलेले निर्णय यांचा असतो. सुला विनयार्ड्सच्या सहा वाइन घेऊन हे समजून घेता येतं.

सुलाच का?

कारण नाशिकची वाइन बहुतेकांना याच नावाने माहीत आहे. स्टॅनफर्डमधून इंजिनीअरिंग शिकून परतलेले राजीव सामंत यांनी १९९७च्या सुमारास इथे सोव्हिन्यों ब्लां आणि चेनिन ब्लां या फ्रेंच जाती लावल्या. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००५मध्ये टेस्टिंग रूम सुरू झाली आणि वायनरी बघायला जाणं हा नाशिकच्या पर्यटनाचा भाग झाला. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव पडलं.

एकच द्राक्ष, तीन ग्लासांत

क्रम साधारण असा असतो : बुडबुडेवाली ब्रूट, मग सोव्हिन्यों ब्लां, चेनिन ब्लां, झिनफँडेल रोझे, दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि शेवटी लेट हार्वेस्ट चेनिन ब्लां. हलक्याकडून भारीकडे, कोरड्याकडून गोडाकडे. उलट्या क्रमाने प्यायलात तर गोड वाइननंतरची ब्रूट लिंबाच्या पाण्यासारखी वाटेल.

यातली गंमत अशी की चेनिन ब्लां हे द्राक्ष तीनदा भेटतं. ब्रूटमध्ये ते इतर द्राक्षांबरोबर असतं, तिसऱ्या ग्लासात एकटं आणि सहाव्यात पुन्हा एकटं. तरी तिन्ही चवी एकमेकींच्या जवळपासही नाहीत.

पहिलं कारण काढणी. बुडबुडेवाल्या वाइनसाठी द्राक्ष हंगामाच्या सुरुवातीलाच, साखर कमी आणि आंबटपणा भरपूर असताना तोडतात. नेहमीच्या चेनिनसाठी आणखी पिकू देतात. लेट हार्वेस्टसाठी घड वेलीवर तसेच ठेवतात. मण्यातलं पाणी कमी होत जातं आणि साखर दाट होते.

दुसरं कारण यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल १ टक्क्याने वाढतं. यीस्टला सगळी साखर खाऊ दिली तर वाइन ‘ड्राय’ होते. टाकी थंड करून आंबवणं मध्येच थांबवलं तर साखर उरते. सुलाच्या नेहमीच्या चेनिनमधला हलका गोडवा असा उरलेला असतो, लेट हार्वेस्टमध्ये तो कितीतरी जास्त. चांगल्या गोड वाइनमध्ये साखर वरून घातलेली नसते. ती द्राक्षाचीच असते.

ब्रूटमध्ये आणखी एक पायरी आहे. तयार वाइन बाटलीत भरून पुन्हा आंबवतात. या वेळी वायू बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. अशा बाटलीतला दाब कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त असू शकतो. जाड काच आणि बुचावरची तार शोभेसाठी नसते. उघडताना बाटलीचं तोंड कुणाच्या चेहऱ्याकडे नको.

लाल रंग येतो कुठून?

रसातून नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळपास बिनरंगीच असतो, रंग असतो सालीत. रोझेसाठी साल रसाबरोबर थोडे तासच राहते, शिराझसाठी कित्येक दिवस. रंगाबरोबर साल आणि बियांतली टॅनिनंही उतरतात.

टॅनिन म्हणजे काय हे इंग्रजी टेस्टिंग कार्डावर चार ओळींत समजावलेलं असतं. मराठीत एक शब्द पुरतो : तुरट. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर किंवा बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, तेच. ही चव कमी, स्पर्श जास्त. अनेक जण ‘रेड वाइन कडू लागते’ म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा तुरट म्हणायचं असतं.

वासाचंही तसंच. सोव्हिन्यों ब्लांमध्ये ‘गूजबेरी’ शोधत बसण्यापेक्षा ढोबळी मिरची आठवा. ढोबळी मिरचीच्या वासाला कारण असलेलं मेथॉक्सिपायराझिन या द्राक्षातही असतं. शिराझमध्ये काळ्या मिरीची झाक येते ती रोटंडोनमुळे, आणि मिरीतही रोटंडोनच असतं. व्हॅनिलासारखा वास मात्र द्राक्षाचा नाही, तो ओकच्या पिंपाचा.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

इथे चवीचा प्रश्न पैशाचा होतो. सुलाला लागणारी बहुतांश द्राक्षं करारातल्या शेतकऱ्यांकडून येतात. नाशिकमध्ये वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड आणि पावसाळा सरताना गोडी. त्यामुळे पीक थंडीत वाढतं आणि काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये येते. नेमक्या याच दिवसांत अवकाळी आणि गारपिटीची भीती असते. लेट हार्वेस्टसाठी घड वेलीवर जितके दिवस जास्त, तितका हा धोका लांबतो.

शिवाय वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉम्पसनच्या शेजारी ते कोण घेणार? म्हणजे गिऱ्हाईक एकच, वायनरी. राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणल्यावर वायनऱ्या वाढल्या, लागवड वाढली. मग २००८च्या मंदीत मागणी पडली. नाशिक-सांगली भागात अनेकांच्या मालाला उठाव राहिला नाही आणि कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. वेल लावल्यापासून चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे पर्यटकांची आवड बदलली म्हणून शेतकऱ्याला पुढच्या हंगामात जात बदलता येत नाही.

चाखताना काय लक्षात ठेवायचं?

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये खोलीचं तापमान म्हणजे कोमट वाइन. अशा दिवसांत रेडची बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणं बरं. उलट व्हाइट बर्फासारखी गार केली की वास दबतो. आणि सहा ग्लासांच्या मध्ये मसाला शेंगदाणे नकोत, साधा पाव आणि पाणी पुरे.

आता एक हिशेब. ३० मिलिलिटरचे सहा ग्लास म्हणजे १८० मिलिलिटर. अल्कोहोल सरासरी १२.५ टक्के धरलं तर सुमारे १८ ग्रॅम पोटात जातं. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. रिकाम्या पोटी आणि भरभर प्यायल्यास ७० किलो वजनाचा पुरुषही ‘फक्त टेस्टिंग’ करून ही मर्यादा ओलांडू शकतो. वजन कमी असेल तर आणखी लवकर, आणि बायकांच्या बाबतीत तितक्याच वजनालाही प्रमाण जास्त येतं. आरोग्याच्या दृष्टीने तर अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्यामुळे परतीला गाडी चालवणारा आधीच ठरवलेला असावा, आणि त्याने एकही ग्लास घेऊ नये. बाकीच्यांनाही प्रत्येक घोट गिळायलाच हवा असं नाही. टेस्टिंगच्या टेबलावर रिकामं भांडं मागितलं तर मिळतं. त्यात थुंकायला संकोच वाटायचं कारण नाही, दिवसाला डझनांनी वाइन चाखणारे वाइनमेकर तेच करतात.