फोन लॅपटॉपला दिसतो, पण व्हर्च्युअल मशीनला दिसत नाही? हे क्रमाने तपासा

गेल्या महिन्यात मावसभाऊ त्याचा फोन घेऊन आला. अपडेट मध्येच अडकलं होतं आणि तेव्हापासून फोन कंपनीच्या लोगोपुढे सरकत नव्हता. पहिल्या पगारातून घेतलेला फोन! दुकानदाराने सांगितलं, "मदरबोर्ड गेला." मला ते पटेना, कारण पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन बटणं एकत्र दाबली की फोन फास्टबूट मोडमध्ये नीट जात होता. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता जास्त. फोनमधला डेटा पुसला जाईल हे त्याला आधीच सांगितलं आणि कामाला लागलो.

अडचण एकच होती. फोन दुरुस्त करणारं टूल फक्त विंडोजवर चालतं आणि माझ्या लॅपटॉपवर आहे उबुंटू. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज १० सुरू केलं, केबल लावली, टूल उघडलं. उत्तर आलं, "डिव्हाइस सापडलं नाही."

असं का होतं?

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा तुमच्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. केबल लावली की फोन आधी होस्टला भेटतो. तिथून तो गेस्टकडे सोपवावा लागतो. एका वेळी तो दोघांपैकी एकाच्याच ताब्यात असतो. त्यामुळे फोन नेमका कुठे अडकलाय हे शोधणं, हेच खरं काम.

१. होस्टला तरी फोन दिसतोय का?

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग). यादीत फोन नसेल तर व्हीएमला दोष देऊ नका. केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. यूएसबी हब वापरत असाल तर तो काढा आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा.

२. व्हर्च्युअलबॉक्सला परवानगी आहे का?

व्हीएमच्या खिडकीत वर डिव्हाइसेस मेनूमध्ये यूएसबी उघडा. एलएसयूएसबीमध्ये फोन दिसतोय, पण इथली यादी रिकामी आहे? मग बहुतेक वेळा कारण एकच असतं. लिनक्सवर तुमचं यूजरनेम 'व्हीबॉक्सयूजर्स' या ग्रुपमध्ये असावं लागतं. 'यूजरमॉड' कमांडने ते जोडता येतं, पण त्यात छोटा ए आणि मोठा जी हे दोन्ही ऑप्शन द्या. ए विसरलात तर तुम्ही बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडता आणि अॅडमिनचे अधिकारही जाऊ शकतात. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. मी हेच विसरलो आणि अर्धा तास उगाच घालवला.

३. यूएसबी कंट्रोलर कोणता निवडलाय?

व्हीएम पूर्ण बंद करा. सेव्ह करून ठेवलेलं चालत नाही. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी बघा. यूएसबी १.१ चा वेग जेमतेम १२ मेगाबिट प्रति सेकंद, २.० चा ४८० मेगाबिट आणि ३.० चा ५ गिगाबिट. गेस्ट विंडोज १० असेल तर ३.० निवडा. विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, तिथे २.० बरा. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीचं व्हर्जन असेल तर २.० आणि ३.० साठी एक्स्टेन्शन पॅक वेगळा टाकावा लागतो, तोही त्याच व्हर्जनचा.

४. होस्टने फोन धरून ठेवलाय का?

"डिव्हाइस बिझी आहे" असा मेसेज आला तर होस्टवरचं काहीतरी फोन वापरतंय. फाइल मॅनेजरमध्ये फोन उघडला असेल तर तिथून इजेक्ट करा. एडीबी चालू असेल तर 'एडीबी किल-सर्व्हर' देऊन बंद करा. पेनड्राइव्ह असेल तर इजेक्ट केल्याशिवाय व्हीएमला देऊच नका, फाइल खराब होऊ शकतात.

५. गेस्टमध्ये ड्रायव्हर आहे का?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनसमोर पिवळं चिन्ह दिसलं तर खूश व्हा. फोन आत पोहोचलाय, आता फक्त ड्रायव्हर टाकायचाय.

खरी गंमत पुढेच आहे

एवढं सगळं केल्यावर टूलला फोन सापडला. मी स्टार्ट दाबलं. फोन एकदा रीस्टार्ट झाला आणि टूल "डिव्हाइसची वाट बघत आहे" वर थांबलं. मावसभावाचा चेहरा उतरला. होस्टवर एलएसयूएसबी दिलं आणि भानगड कळली.

प्रत्येक यूएसबी डिव्हाइसला दोन नंबर असतात: कंपनीचा व्हेंडर आयडी आणि वस्तूचा प्रॉडक्ट आयडी. फोनने मोड बदलला की तो आधी डिस्कनेक्ट होतो आणि परत येताना बहुतेकदा वेगळा नंबर घेऊन येतो. हा फोन साध्या फास्टबूटमध्ये १८डी१:डी००डी होता. टूलने त्याला फास्टबूटच्या दुसऱ्या टप्प्यात, फास्टबूट-डीमध्ये नेलं आणि तो १८डी१:४ईई० झाला. व्हर्च्युअलबॉक्सच्या दृष्टीने हा नवाच पाहुणा. त्यामुळे तो होस्टकडेच थांबला.

यावर उपाय म्हणजे यूएसबी फिल्टर. सेटिंग्जमध्ये यूएसबीखाली अधिकच्या चिन्हावर क्लिक करून फोन निवडला की फिल्टर तयार होतो, पण त्यात सगळे रकाने आपोआप भरलेले असतात. फिल्टर एडिट करा, व्हेंडर आयडी १८डी१ ठेवा आणि प्रॉडक्ट आयडी, रिव्हिजन, सिरियल नंबर वगैरे रिकामं करा. रिकामा रकाना म्हणजे "काहीही चालेल". आता फोन कोणत्याही नंबरने आला तरी व्हेंडर आयडी तोच असेपर्यंत तो थेट व्हीएममध्ये जातो. मोड बदलल्यावर व्हेंडर आयडीही बदलत असेल तर त्याचा दुसरा फिल्टर करा. सगळेच रकाने मात्र रिकामे ठेवू नका, नाहीतर तुमचा यूएसबी माउस आणि कीबोर्डही व्हीएममध्ये जाऊन बसतील.

फ्लॅश करण्याआधी एवढं कराच

माझं नशीब म्हणा, टूल थांबलं तेव्हा फोनवर काहीच लिहिलं गेलं नव्हतं. लिहिणं चालू असताना कनेक्शन तुटलं असतं तर फोन कायमचा बंद पडू शकला असता. म्हणून दुसऱ्यांदा घाई केली नाही. आधी व्हीएममधून फास्टबूटच्या कमांड देऊन फोन दोन्ही मोडमध्ये चार-पाच वेळा फिरवला. प्रत्येक वेळी तो न सांगता परत व्हीएममध्ये आला, तेव्हाच स्टार्ट दाबलं. लॅपटॉप चार्जरवर आणि स्लीप बंद. थोड्या वेळाने फोनवर भाषा निवडायची स्क्रीन आली.

तरीही माझा सल्ला ऐका: घरी, मित्राकडे, कुठेही खरा विंडोज कॉम्प्युटर मिळत असेल तर फ्लॅशिंग त्यावरच करा. व्हीएममध्ये फोन आणि टूल यांच्यात तुटू शकणारा एक जोड वाढतो. फोटो कॉपी करताना तो तुटला तर पुन्हा कॉपी करता येतं. फ्लॅश करताना तुटला तर दुरुस्त करायला फोन उरेलच असं नाही.