एका गावात दोन कचेऱ्या कशासाठी?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तहसीलमध्ये जावं लागतं. घरकुलाच्या यादीत नाव आलं का हे विचारायचं तर पंचायत समितीत. दोन्ही कचेऱ्या सरकारीच, तरी एकीचं काम दुसरीत होत नाही. नवख्या माणसाचा एक हेलपाटा ठरलेलाच. असं का असावं, हे कधी मनात आलंय?

बी.ए.ला लोकप्रशासन घेतलेल्या पोराला विचारा. तो म्हणेल, हा गोंधळ नाही, हा विचार आहे. आणि तो विचार ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो माणूस इथून जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचा!

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि लगेच एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. प्रश्न साधा वाटतो, पण भल्याभल्यांना घाम फोडणारा होता: गावाच्या विकासाची सत्ता लोकांच्या हाती द्यायची, पण नेमकी कुठल्या पायरीवर? दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीनं 1957 मध्ये जोर दिला होता तो गटाच्या, म्हणजे पंचायत समितीच्या पायरीवर. नाईक समितीनं तो जिल्ह्यावर दिला. आणि पुढचं पाऊल तर फारच धीट. जिल्ह्याचा सर्वेसर्वा तो कलेक्टर. समितीनं त्यालाच जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं! परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. 1961 मध्ये कायदा झाला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या.

म्हणजे जिल्ह्यात दोन धारा वाहू लागल्या. एक कलेक्टरकडून तहसीलदार आणि तलाठ्याकडे येते. तिच्यात जमीन, महसूल, दाखले. दुसरी जिल्हा परिषदेकडून गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवकाकडे. तिच्यात झेडपीची शाळा, दवाखाना, घरकुल. तुमचा हेलपाटा या दोन धारांच्या मधला.

आता तलाठ्याकडचा कागद हातात घ्या. त्याला सातबारा का म्हणतात? गावाचा सगळा महसुली हिशोब ठरावीक नमुन्यांत मांडलेला असतो, एक ते एकवीस. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो तिच्यात पीक काय. दोन्ही एका कागदावर छापले, आणि झाला सातबारा! सहा नंबरात फेरफार, आठ-अ मध्ये खातेदाराची सगळी जमीन एकत्र. रजिस्टरचे दोन आकडे भाषेत इतके मुरले, की ‘सातबारा कोरा करा’ म्हटल्यावर कर्जमाफी मागितली जातेय हे शेंबडं पोरही ओळखतं. कारभारातला आकडा लोकांच्या तोंडी घोषणा होऊन बसावा, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण राज्य चालवणं हे शिकण्याचं शास्त्र आहे, हे कोणाला सुचलं? राज्यं हजारो वर्षांची. लोकप्रशासन हा विषय मात्र तुमच्या पणजोबांच्या वयाचा. 1887 मध्ये वुड्रो विल्सन नावाच्या तिशीतल्या अमेरिकन प्राध्यापकानं एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं होतं, कायदा करणं आपण शिकलो, पण तो राबवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. त्याचाही अभ्यास हवा. हाच प्राध्यापक 1913 मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच वर्षी 1 जुलैला गहुलीत वसंतराव जन्मले. निव्वळ योगायोग, पण काय योगायोग!

आपल्याकडे हा विषय कुठे रुजला? लंडनला जायला नको, दिल्लीलाही नको. लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा देशातला पहिला पूर्ण विभाग 1949 च्या सुमारास उघडला तो नागपूर विद्यापीठात. अमरावतीला विद्यापीठ 1983 मध्ये आलं. तोवर वऱ्हाडातली कॉलेजं नागपूरचीच होती. मानोऱ्याच्या वर्गात हा विषय शिकणारी मुलगी म्हणजे त्याच्या माहेरीच बसलेली आहे.

तिला उदाहरणांची तर ददातच नाही. तिचा जिल्हाच बघा ना! इंग्रजांच्या काळात वाशीम हा जिल्हा होता: वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके. 1905 मध्ये तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला दिले, पुसद यवतमाळला. डोंगर हलले नाहीत, नद्या वळल्या नाहीत; कागदावर रेघ सरकली आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्याची झाली. मग 93 वर्षांनी, 1 जुलै 1998 रोजी, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. तारीख पाहिलीत? वसंतरावांच्या जन्मदिवसाची.

एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं नवं रूप आता वर्णनात्मक आहे. त्यात 26 वैकल्पिक विषयांत लोकप्रशासन आहे, 250 गुणांचे दोन पेपर. गोल भरायचे नाहीत, लिहून समजवायचं. हेलपाटा का पडतो हे ज्याला कळलंय, त्याला लिहायला पुष्कळ आहे.

एक काम मात्र परीक्षा नसली तरी करा. पुढच्या वेळी दाखल्यासाठी एखाद्या साहेबाच्या दालनात गेलात, की खुर्चीमागच्या भिंतीकडे बघा. तिथं बहुधा आजवरच्या साहेबांच्या नावांचा फलक असतो. मॅक्स वेबर या जर्मन विचारवंतानं जे जाडजूड ग्रंथात सांगितलं, की अधिकार माणसाचा नसतो, पदाचा असतो, ते तिथं रंगानं लिहिलेलं आहे. माणूस बदलीवर जातो, खुर्ची आणि फाईल जागच्या जागी राहते. नावं वाचू नका, तारखा वाचा: एकाचा ‘पर्यंत’ आणि पुढच्याचा ‘पासून’.