कानांनी वाचलेली कादंबरी

भाकऱ्या थापता थापता एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात फेरफटका मारायचाय? मग सुझॅना क्लार्क यांची २००४ साली आलेली ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ऐकायला घ्या. नेपोलियनशी झुंजणाऱ्या देशात दोन जादूगार हरवलेली जादू परत आणतात, अशी ही कथा. सायमन प्रेबल यांच्या आवाजातलं ऑडिओबुक सुमारे ३२ तासांचं. रोज अर्धा तास ऐकलं तरी दोन महिने पुरतं.

पण हे ‘वाचणं’ झालं का? २०१९मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ जणांना त्याच गोष्टी ऐकवल्या, वाचायलाही दिल्या आणि एफएमआरआयने मेंदूतल्या हालचाली टिपल्या. शब्द कानातून येवोत की डोळ्यांतून, मेंदूत अर्थाचा नकाशा जवळपास सारखाच उमटला.

फरक आहे तो वाटेत. वाचताना नजर सरळ पुढे सरकत नाही. ती छोट्या उड्या मारते. दहातली एखादी उडी मागे घेते आणि निसटलेला शब्द पकडते. कानाला ही सोय नाही. तव्यावरची भाकरी करपली म्हणून धावलात, की परत येईपर्यंत कथेतला स्ट्रेंज लंडनहून थेट व्हेनिसला पोचलेला! त्यात या कादंबरीला जवळपास दोनशे तळटीपा. छापील पानावर त्या नंतरसाठी ठेवता येतात. ऐकताना मात्र मूळ वाक्याचा धागा मनात धरून ठेवावा लागतो.

उपाय सोपा आहे. पंधरा सेकंद मागे नेणारं बटण बिनधास्त दाबा. नजर तेच करते, फक्त गुपचूप.