‘मुंबई’ : एका युद्धनौकेची सेवा

भोर व वेल्हे हा पुणे जिल्ह्याचा डोंगराळ मुलूख समुद्रापासून दूर आहे. तथापि १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली, त्या वेळी स्वराज्याची राजधानी याच मुलखातील राजगडावर होती. देशाच्या रक्षणासाठी सागरावर सत्ता हवी, ही दृष्टी सह्याद्रीच्या कुशीतच आकारास आली. त्या परंपरेचा आजचा एक दाखला म्हणजे भारतीय नौदलाची ‘मुंबई’ ही युद्धनौका होय.

नौदलाची ‘म्हैसूर’ ही जुनी क्रूझर १९८५ मध्ये निवृत्त झाली. तिच्या मोठ्या तोफांचे काम आता क्षेपणास्त्रांकडे आले होते. ती वाहणाऱ्या ‘दिल्ली’ वर्गाच्या तीन विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधण्यात आल्या. ‘दिल्ली’ १९९७ मध्ये, तर जुन्या क्रूझरचे नाव धारण करणारी नवी ‘म्हैसूर’ १९९९ मध्ये सेवेत आली. तिसरी ‘मुंबई’ मार्च १९९५ मध्ये जलावतरित होऊन २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात दाखल झाली. सुमारे १६३ मीटर लांबीच्या या नौकेवर शत्रूच्या जहाजांवर व विमानांवर मारा करणारी स्वतंत्र क्षेपणास्त्रे, तोफ, पाणतीर आणि हेलिकॉप्टरे यांची योजना आहे.

तथापि या नौकेची खरी कसोटी लागली ती माणसांचे प्राण वाचविताना. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटले. भूमध्य समुद्रातून परतणाऱ्या ‘मुंबई’सह चार भारतीय नौका माघारी वळल्या आणि त्यांनी भारतीयांसह श्रीलंका व नेपाळच्या नागरिकांना, एकूण सुमारे २,२८० जणांना, बैरूतहून सायप्रसला पोहोचविले. एप्रिल २०१५ मध्ये येमेनमधील एडन बंदरात गोळीबार चालू असल्याने नौकेला धक्क्याला लागता आले नाही. तेव्हा लोकांना लहान होड्यांतून नौकेपर्यंत आणण्यात आले. चारशेहून अधिक जण त्या खेपेत जिबूतीस सुखरूप पोहोचले. त्यांत अनेक परदेशी नागरिकही होते.

अशा नौकांची यंत्रे चालविणाऱ्या तंत्रज्ञांचे शिक्षण पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या १९४५ पासूनच्या संस्थेत होते. मध्यायुष्यातील नूतनीकरणानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ‘मुंबई’ विशाखापट्टणम येथील पूर्व विभागात रुजू झाली. आरमाराचा इतिहास शिकविताना शिक्षकांनी राजगडाबरोबर या नौकेचीही ओळख करून दिली, तर समुद्र न पाहिलेल्या डोंगरकपारीतील मुलांनाही ही सेवा आपली वाटेल.