वीजकेंद्राची राख व आपली काळी जमीन

राख शेतांत टाकण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. चुलीची राख वेलांच्या आळ्यांत, भाजीच्या वाफ्यांत व उकिरड्यावर पडत आली आहे आणि तिनें पिकास गुण येतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यामुळें, वीज उत्पन्न करणाऱ्या केंद्रांतून निघणारी दगडी कोळशाची राख शेतासाठीं फुकट अगर अल्प खर्चांत मिळूं शकते, असें कानीं येतांच पुष्कळांचें मन तिकडे वळतें. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यांत, परळी वैजनाथ येथें असें केंद्र आहे. जालना शहरापासून तें सरळ रेषेंत सुमारें सव्वाशें किलोमीटर असून घनसावंगी तालुक्यास त्याहून जवळ आहे. ही राख आपल्या जमिनीस कितपत मानवेल, याचा विचार गाडी दारांत येण्यापूर्वींच झालेला बरा.

दोन राखांतील भेद

नांव एकच असलें तरी चुलीची राख व कोळशाची राख या दोन निराळ्या वस्तु आहेत. झाडानें जमिनींतून शोषून घेतलेला चुना व पालाश हीं द्रव्यें लाकूड जळल्यावर राखेंत उरतात, व त्यांतील पालाश पाण्यांत सहज विरघळून पिकास मिळतो. दगडी कोळशाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशांतील कोळसा जाळला असतां शंभर भागांत ३० ते ४५ भाग राख उरते. ती मुख्यत्वें कोळशाच्या थरांत मिसळलेल्या मातीची व दगडाची असते. भट्टीच्या प्रखर उष्णतेनें ही माती वितळते आणि थंड होतांना तिचे कांचेसारखे अतिसूक्ष्म गोळे बनतात. यांत वाळूचें मूलद्रव्य सिलिका, अॅल्युमिना व लोहाचा गंज यांचाच भरणा असतो. नत्र जळून गेलेलें असतें. पालाश थोडा असतो, पण तो कांचेंत अडकलेला असल्यामुळें पिकाच्या मुळांस फारसा लाभत नाहीं. जस्त, तांबें, मंगल व बोरॉन हीं द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात. परंतु त्यांच्याच जोडीला आर्सेनिक, शिसें, कॅडमियम अशीं विषारी द्रव्येंही असतात. सबब या राखेस खत म्हणणें योग्य नव्हे.

फायदा कोठें व कां

तरीही ही राख सर्वथा निरुपयोगी आहे असें नाहीं. तिचे कण नदीच्या गाळाच्या कणांएवढे असतात. यामुळें रेताड जमिनींत मिसळली असतां ती ओल धरून ठेवण्यास मदत करिते, व चिकण जमीन कांहीं अंशीं भुसभुशीत करिते. पूर्व हिंदुस्थानांतील तांबड्या, आंबट जमिनींत विम्लधर्मी राखेनें जमिनीचा आंबटपणाही कमी होतो. राखेच्या यशाच्या ज्या गोष्टी आपण ऐकतों, त्यांपैकीं पुष्कळ अशाच जमिनींतील आहेत. आपली जमीन काळ्या खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त व मुळांतच विम्ल असून तिचा सामू बहुधा ७·५ ते ८·५ असतो. येथें आंबटपणाच नाहीं, तर तो घालवावयाचा कोठून? उलट विम्लता आणखी वाढल्यास स्फुरद, जस्त व लोह हीं द्रव्यें जमिनींत असूनही पिकास मिळेनाशीं होतात.

आतां चिकणपणाचा हिशेब पाहूं. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचें वजन सुमारें ८०० टन भरतें. त्यांत शेंकडा ५ प्रमाणें राख मिसळावयाची म्हटली तर ४० टन, म्हणजे दर गुंठ्यास एक टन राख लागेल. एवढें करूनही, ज्या जमिनींत शंभर भागांत ५० भाग चिकण आहे तेथें तो ४७ ते ४८ भागांवर येईल, इतकेंच. राख फुकट मिळाली तरी ४० टनांची वाहतूक, पसरणी व नांगरट फुकट होत नाहीं. हाच पैसा शेणखताकडे वळविला तर जमीन रवाळ होते आणि शिवाय पिकास अन्नही मिळतें.

मोसंबीच्या बागांस इशारा

आपल्या जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. म्हणून ही गोष्ट स्वतंत्रपणें सांगणें अवश्य वाटतें. ताज्या राखेंत पाण्यांत विरघळणारें बोरॉन पुष्कळ असूं शकतें. लिंबू वर्गांतील झाडें या द्रव्याच्या अधिकपणास फार हळवीं असतात. त्यांचीं पानें टोंकाकडून पिवळीं पडून करपतात व गळतात. दहा-पंधरा वर्षांची बाग एका चुकीनें धोक्यांत घालूं नये. मोसंबीच्या आळ्यांत ही राख मुळींच टाकूं नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

प्रयोग करावयाचाच असेल तर

भोकरदन व जाफराबाद तालुक्यांतील उतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनींत ओल टिकत नाहीं. तेथें या राखेचा थोडाबहुत उपयोग होण्याचा संभव आहे. केंद्र सरकारनें ३१ डिसेंबर २०२१ रोजीं काढलेल्या अधिसूचनेंतही माती तपासून व मर्यादेंतच शेतींत राख वापरण्यास मुभा आहे. यास्तव पुढील क्रम पाळावा.

प्रथम माती तपासून घ्यावी. खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. राखेचा सामू, क्षार, बोरॉन व विषारी धातु यांच्या तपासणीचा दाखला मागावा; तो न मिळाल्यास राख घेऊं नये. ताज्या राखेपेक्षां तळ्यांत पडून पाण्यानें धुपलेली जुनी राख बरी, कारण तिच्यांतील क्षार व बोरॉन बरेचसें निघून गेलेलें असतें. शेजारशेजारचे दोन गुंठे घेऊन एकांत अर्धा टन राख व शेणखत, आणि दुसऱ्यांत तितकेंच शेणखत टाकावें. दोहोंत बाजरी किंवा ज्वारी पेरून उत्पन्न वजन करून लिहून ठेवावें. राख पावसापूर्वीं ओली करून पसरावी व लगेच नांगरून गाडावी. कोरडी धूळ छातीस अपायकारक आहे, आणि उघडी राहिल्यास ती पहिल्याच पावसांत वाहून जाते. विहिरीजवळ व भाजीपाल्याच्या वाफ्यांत ती टाकूं नये. दोन हंगाम फरक दिसला तरच पुढें जावें.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. राखेच्या उपयोगाविषयीं केंद्र सरकारनें सप्टेंबर १९९९ मध्यें पहिली अधिसूचना काढली, तिचा एक मुख्य हेतु विटांसाठीं शेताची वरची माती खणली जाऊं नये हा होता. वीतभर सुपीक माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. वीटभट्टी ती एका हंगामांत फस्त करिते. तेव्हां घर, गोठा किंवा विहिरीचें काम काढतांना राखेच्या विटा वापराव्या आणि आपली माती भट्टीस विकूं नये. राख शेतांत न टाकतांही तिच्या योगें शेत राखतां येतें, आणि आपल्या काळ्या जमिनीपुरता तोच तिचा खरा उपयोग होय.