ताटातलं विज्ञान – लेखांक ७ : चकली तेल पिते ती केव्हा?

तेल तापताना त्यात काय घडतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. दिवाळी तोंडावर आली आहे, तेव्हा आज त्याच तेलात चकली सोडू.

चकली कढईत पडली की भोवती बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. ती पिठातल्या पाण्याची वाफ. ती जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. खरा प्रकार चकली झाऱ्यावर आल्यावर सुरू होतो. ती निवू लागते, आतली वाफ आक्रसते आणि अंगाला चिकटलेलं तेल बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. तेल पिण्याचं बरंचसं काम असं कढईबाहेर उरकतं. म्हणून झारा कढईवर धरून चकली नीट निथळू द्यावी आणि गरम असतानाच कागदावर सुटी सुटी पसरावी. ताटात ढीग लावू नये. तेल पुरतं तापण्याआधी घाणा टाकला तर चकली कढईत रेंगाळते आणि तेलकट होते.

ओव्हनमधल्या चकलीचं मला फारसं कौतुक नाही. ती खुसखुशीत व्हायला मोहन सढळ घालावं लागतं, म्हणजे वाचवलेल्या तेलातलं बरंचसं मागच्या दाराने परत येतं. आणि पदरात पडते ती खाऱ्या बिस्किटाची चुलतबहीण! गुळाचंही तसंच. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात ३८०च्या आसपास. गुळाचा लाडू चवीला छानच लागतो, पण मधुमेह्याने त्याला पथ्याचा समजू नये. खजुराच्या लाडवालाही हेच लागू.

त्यापेक्षा तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरायचं टाळलेलं बरं. ते गाळून ठेवावं आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावं. काळपट, चिकट झालं असेल तर जीव न अडकवता टाकून द्यावं.

राहिला प्रश्न किती खायचं याचा. बेसनाचा ४० ग्रॅमचा लाडू साधारण २०० कॅलरींचा, म्हणजे दोन पोळ्यांइतका. एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या आणि वाटीभर चिवडा एवढ्यात एक जेवण झालं. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून फराळाला बसायचं, ते पोट भरायलाच. आता फराळ होतो, मग नऊ वाजता पोहे, दुपारी श्रीखंड-पुरी, आणि संध्याकाळी ज्यांच्याकडे जाऊ तिथे "एक तरी घ्याच". फराळाची बदनामी होते ती या बेरजेमुळे. ज्या दिवशी फराळ भरपेट झाला, त्या दिवशी दुपारी ताक-भात किंवा मुगाची खिचडी पुरे.

सगळ्यात दगाबाज असतो तो चिवड्याचा डबा. लाडू मोजून खाता येतो. चिवड्याची मूठ येता-जाता तोंडात जाते आणि तिचा हिशेब कुठेच लागत नाही. चिवडा वाटीत घ्यावा, डब्याचं झाकण लावावं आणि मग बसून खावा.

पुढच्या आठवड्यात : अनारसा कढईत का हसतो?