येळवस : विकत न मिळणारा पाहुणचार

इटलीतील टस्कनी प्रांतात जाणारे कित्येक पर्यटक फ्लॉरेन्समधील चित्रे पाहून लगेच परतत नाहीत. ते शेतावरच्या घरात चार दिवस मुक्काम करतात, तेथे पिकलेले खातात, टेकड्यांमधून मनसोक्त भटकतात. अशा पर्यटनासाठी इटलीने १९८५ मध्येच स्वतंत्र कायदा केला. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, परंतु शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहावा, हे त्यामागील सूत्र. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. मात्र मराठवाड्याच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत शेतावर पाहुणा बोलावण्याची रीत कोणत्याही धोरणाहून कितीतरी जुनी आहे. तिचे नाव वेळ अमावास्या, अर्थात बोलीभाषेतील येळवस.

कडब्याची कोप, आंबट भज्जी

मार्गशीर्ष अमावास्येला येणारा हा सण लातूर, धाराशिव आणि नांदेड-सोलापूरच्या काही भागांत साजरा होतो. २०२४ मध्ये तो ३० डिसेंबरला, तर २०२५ मध्ये १९ डिसेंबरला आला. शेजारच्या कर्नाटकातही तो मोठा मानला जातो. १९४८ पर्यंत यातील बराचसा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी यांची सरमिसळ येथील बोलीत, सणांत आणि ताटातही आढळते.

यावेळी काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि हरभरा डोलत असतो, तूर शेंगांनी लगडलेली असते. शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली अंबील पिकावर शिंपडली जाते. सायंकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती पिकाभोवती फिरवण्याची प्रथाही अनेक गावांत आहे.

पंगतीचा मान भज्जीला असतो. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा यांचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसन व चिंचेच्या कोळात शिजवून ती करतात. जोडीला बाजरीचे उंडे, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मातीच्या भांड्यातील गार अंबील. ज्यांची शेती नाही, त्यांना शेतकरी आग्रहाने बोलावतात. त्यामुळे लातूर शहरातील रस्ते ओस पडतात आणि बाजारपेठ बंद राहते. बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी कोणा ओळखीच्याकडे शब्द टाकलेला बरा. त्या दिवशी खाणावळीच्या भरवशावर राहिल्यास उपाशी राहण्याचीच वेळ यायची.

माळेगावची जत्रा

याच सुमारास, एखाद-दुसऱ्या दिवसाच्या अंतराने, नांदेड-लातूर मार्गावरील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा सुरू होते. लोहा तालुक्यातील या यात्रेत घोडे, गाढवे आणि उंटांचा बाजार भरतो, कुस्त्यांचे फड रंगतात, तमाशाच्या राहुट्या पडतात. लाल कंधारी हा येथील नामांकित गोवंश. लातूरकडील देवणीही तेवढाच प्रसिद्ध.

भटकंतीची हौस असणाऱ्यांनी जवळच कंधारचा खंदकवेष्टित भुईकोट किल्ला पाहावा. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आणि औसा तालुक्यातील खरोशाची लेणी याच प्रदेशात आहेत. सदाशिवराव भाऊंनी १७६० मध्ये निजामाविरुद्ध जिंकलेल्या लढाईमुळे इतिहासात नोंदला गेलेला उदगीरचा किल्लाही वाट वाकडी करून जाण्याजोगा. उत्तरेस माहूरची रेणुकामाता आणि पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा आहे. परंतु धबधबा पाहायचा तर पावसाळाच हवा.

पाहुण्याचे देणे

नांदेडला पर्यटकांची वाण नाही. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथेच निर्वाण झाले. त्यांच्या स्मृतिस्थानी असलेल्या तख्त सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास देशविदेशांतून भाविक येतात. तथापि त्यातील बहुतेक जण शहरातूनच परत फिरतात आणि पुढचा सारा ग्रामीण प्रदेश अनोळखी राहतो. शेतकऱ्याला मात्र जोडउत्पन्नाची गरज आहे. येथील शेती बहुतांशी पावसावर आणि सोयाबीन-तुरीच्या भावावर अवलंबून. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने या परिसरातील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

मग येळवशीचेच तिकीट लावावे काय? तसे झाल्यास सणाचा प्राणच हरपेल. त्या दिवशीचे जेवण विकायचे नसते. ते रानाच्या वाट्याचे असते आणि पाहुणा त्यातला वाटेकरी. इटलीच्या कायद्यातील सूत्र येथे उपयोगी पडते : आधी शेती, मग पाहुणा. येळवस विनामूल्यच राहावी; वर्षाचे उरलेले दिवस मात्र मुक्काम, हुरडा आणि शिवारफेरी यांसाठी योग्य मोबदला घेण्यात संकोच नसावा. पाहुण्यानेही परतताना बोरसुरीची तूरडाळ किंवा पानचिंचोलीची चिंच शेतकऱ्याकडूनच विकत घ्यावी. या दोहोंना आणि काष्टी कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाणी जपून वापरावे, उभ्या पिकात शिरू नये आणि पुढल्या वर्षी पंचांग पाहूनच बेत आखावा.